फॉरवर्डमध्ये नसलेला कर्ट वॉर्नर

दहावी ‘अ’च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक फॉरवर्ड येऊन पडलं. अमेरिकेतला एक गरीब मुलगा किराणा दुकानात रात्रभर डबे लावायचा, एके दिवशी फोन वाजला आणि तो देशातला सगळ्यात मोठा खेळाडू झाला, तर मित्रांनो, स्वप्नं बघायचं सोडू नका. खाली उगवता सूर्य, एक गरुड आणि रांगेनं जोडलेले हात. खेळाडूचं नाव नाही, खेळाचंही नाही.

मला नाव लगेच कळलं. कर्ट वॉर्नर, अमेरिकन फुटबॉलवाला. आयोवा राज्यातल्या ज्या सीडर रॅपिड्स गावात तो लहानाचा मोठा झाला, त्याच गावात मी १९९९ पासून राहते. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही न लिहिणारी मी त्या दिवशी अशी चिडले की पहाटे साडेचारला ओट्याशी उभी राहून उत्तर टाइप करायला लागले. चहा उतू गेला. उत्तर लांबत गेलं, ग्रुपवर एवढं कोण वाचणार, म्हणून इथे टाकते.

चिडले ते ‘एके दिवशी फोन वाजला’ या चार शब्दांवर.

कोल्हापूरच्या मुलीला फुटबॉल कुणी शिकवायला लागत नाही, अशी माझी समजूत होती. आमच्या घरी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, आणि मॅच हरली की रात्री जेवायला न बसणारे दोन भाऊ. इथे आले तर ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो त्याला फुटबॉल म्हणतात. चेंडू गोलसुद्धा नाही, नारळासारखा. पहिले सहा-आठ महिने मी रागानं त्या खेळाकडे बघितलंच नाही.

आलो ते वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा बिघडू नयेत म्हणून निघालेल्या कामांच्या वरातीत. त्या वर्षी ज्याला म्हणून कोबोल ही जुनी संगणकभाषा येत होती तो प्रत्येकजण घोड्यावर होता, त्यात आमचा नवराही. मी त्याची ‘डिपेंडंट’. व्हिसावर मला नोकरीची मनाई. कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला सत्तर-सत्तर पोरांच्या वर्गाला मी कॅल्क्युलस शिकवत होते. इथे खिडकीतून बर्फ बघायचा आणि गावाचा वास घ्यायचा. सीडर रॅपिड्सला खरंच वास आहे. नदीकाठी क्वेकर ओट्सचा मोठा कारखाना आहे, आणि ज्या दिवशी तिथे मुलांच्या सीरियलच्या लाल गोड गोळ्या बनतात त्या दिवशी अख्ख्या गावाला चघळायच्या गोळीचा वास येतो. दिवाळीच्या फराळाची आठवण त्या वासानं का यायची ते मला आजही सांगता येत नाही, पण यायची आणि रडू यायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहायच्या, एकट्या. माझं नाव त्यांना म्हणता येत नसे म्हणून त्या मला ‘हनी’ म्हणायच्या, आणि त्यांचं नाव घेणं मला जमत नसे (वयानं मोठ्या बाईला नावानं कशी हाक मारायची?) म्हणून मी मनातल्या मनात ‘आज्जी’. ऑक्टोबर १९९९ मध्ये एका रविवारी मी त्यांना थालीपीठ द्यायला गेले तर टीव्हीसमोर बसून आज्जी मोठमोठ्यानं ओरडत होत्या. ‘रेजिसचा मुलगा आहे आपला,’ म्हणाल्या. रेजिस म्हणजे इथली कॅथलिक शाळा. मी येण्याच्या आदल्याच वर्षी ती दुसऱ्या शाळेत मिळवून झेवियर नावाची नवी शाळा झाली होती, त्यामुळे आज्जींच्या त्या ‘रेजिस’मध्ये थोडा गहिवरही होता. त्या दिवशी वॉर्नरच्या सेंट लुईस रॅम्सनी सॅन फ्रान्सिस्कोला धुतलं. आधीच्या लागोपाठ सतरा सामन्यांत ज्यांच्याकडून मार खाल्ला, त्यांच्याविरुद्ध या पोरानं पाच टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवायचा, आपला गोलच म्हणा) फेकले.

मला खेळ कळत नाही म्हटल्यावर आज्जी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे वर आल्या. माझ्या डायनिंग टेबलवर त्यांनी राजम्याचे अकरा दाणे एकीकडे आणि हरभऱ्याचे अकरा दाणे दुसरीकडे मांडले. शंभर यार्डांचं मैदान. चार संधी, त्यांना डाउन म्हणायचं. चार डाउनमध्ये दहा यार्ड सरकलात तर पुन्हा चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याला. आणि या राजम्यांच्या मागे उभा असलेला हा एक, त्याच्या जागी त्यांनी माझ्या मिसळणाच्या डब्यातून एक वेलदोडा उचलला, हा क्वार्टरबॅक. चेंडू याच्या हातात येतो. पुढचे पाच आडदांड राजमे याच्याभोवती भिंत धरतात, हरभरे ती फोडून याला आडवा पाडायला धावतात, आणि याच्याकडे तीन सेकंद असतात. तेवढ्यात कुणाला फेकायचं ते ठरवायचं आणि फेकायचं.

इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. पळणारा माणूस सेकंदाला आठ-नऊ यार्ड जातो. चेंडू दोन सेकंद हवेत असेल तर फेकताना तो माणूस जिथे दिसतो तिथे फेकून काही उपयोग नाही; त्याच्या सोळा-अठरा यार्ड पुढे, मोकळ्या जागेत फेकायचा, आणि दोघांनी तिथे एकाच वेळी पोचायचं. वॉर्नर हे सगळ्यांत सुंदर करायचा. त्याला पळता येत नव्हतं फारसं. तो भिंतीमागे उभा राहायचा, समोरून शंभर-सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येतोय हे दिसत असतानाही उभा राहायचा आणि रिसीव्हर, म्हणजे झेल घेणारा गडी, वळण्याच्या आधीच चेंडू सोडून द्यायचा. माणूस वळून मान वर करतो तर चेंडू छातीशी. पहिल्यांदा ते नीट दिसलं तेव्हा माझ्या तोंडून ‘नाद खुळा!’ असं गेलं. आज्जींना तो शब्द फार आवडला. पुढे बारा वर्षं त्या तो चुकीच्या ठिकाणी वापरत राहिल्या.

आता फॉरवर्डमधल्या त्या फोनकडे येते.

कॉलेज त्यानं सीडर फॉल्सला केलं, इथून वायव्येला तासाभरावर, नॉर्दर्न आयोवा विद्यापीठ. तिथे शेवटचं वर्ष उजाडेपर्यंत तो बसून होता. आपल्याकडच्या भाषेत बारावा गडी. शेवटच्या वर्षी, १९९३ मध्ये, खेळायला मिळालं आणि त्यांच्या विभागाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. तरी १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, एकाही संघानं त्याला उचललं नाही. ग्रीन बे पॅकर्सनी सरावाला बोलावलं. तिथे क्वार्टरबॅक म्हणून ब्रेट फार्व्ह होता, मार्क ब्रुनेल होता, टाय डेटमर होता आणि चौथा हा. या शिबिरातला एक किस्सा वॉर्नरनं स्वतःच पुढे सांगितला आहे: एके दिवशी प्रशिक्षक स्टीव्ह मारियुची म्हणाला, जा आत. आणि हा म्हणाला, नको. संघाच्या चाली अजून नीट पाठ नव्हत्या, म्हणून. काही दिवसांत घरी पाठवला.

मला हा सगळ्यांत आवडतो किस्सा, कारण फॉरवर्डवाल्यांना तो कधीच घेता येणार नाही. संधी दारात आली आणि हिरो म्हणाला, माझा अभ्यास झालेला नाही! परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी बसणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत, त्यामुळे मला तो एकदम ओळखीचा वाटला.

मग किराणा. सीडर फॉल्सचं हाय-व्ही. हाय-व्ही हे आयोवात जन्मलेलं सुपरमार्केट, आमची पहिली कितीतरी वर्षं त्याच्यावरच गेली. गाडी एकच आणि ती नवऱ्याकडे, म्हणून आम्ही रात्री दहानंतर जायचो. त्या वेळी रात्रपाळीची पोरं रांगारांगांतून गुडघ्यांवर बसलेली असायची. कटरनं खोकं फोडायचं, शेल्फवरचा जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे सरकवायचा आणि शेवटी सगळ्या डब्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे फिरवायची. वॉर्नर हे करत होता, तासाला साडेपाच डॉलरवर. दिवसा कॉलेजच्या संघाला शिकवायला मदत करत होता. त्याची त्या वेळची मैत्रीण ब्रेंडा, पुढे बायको झाली ती, मरीन सैन्यातून बाहेर पडलेली, पहिल्या लग्नाची दोन मुलं सोबत, मोठ्या मुलाची दृष्टी तान्हेपणीच्या अपघातात गेलेली, स्वतः नर्सिंग शिकत होती आणि घर सरकारी फूड स्टॅम्पवर चालत होतं. यात स्वप्न बघायला झोप कुठल्या वेळेला मिळत होती कोण जाणे.

फोन आला तो एनएफएलमधून नव्हेच, आयोवाच्या राजधानीतून, डिमॉइनमधून. आयोवा बार्नस्टॉर्मर्स, अरीना फुटबॉल. हा प्रकार आपल्या लोकांना समजावणं सोपं आहे: वाड्यातलं क्रिकेट. छताखाली, पन्नास यार्डांचं मैदान, संघात आठ-आठ, कडेला गाद्या लावलेल्या भिंती. जागाच नाही, त्यामुळे विचार करायला वेळही नाही. वाड्यात खेळून मोठा झालेला पोरगा जसा सरळ बॅटनं खेळायला शिकतो (कारण लेगला तुळशीवृंदावन आणि ऑफला कुणाच्या तरी आज्जीची खिडकी) तसा हा तीन सेकंदांचं काम दोनात करायला शिकला. तीन मोसम खेळला, १९९५ ते ९७. संघाला दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि दोन्ही हरले.

१९९७ मध्ये शिकागो बेअर्सनी चाचणीला बोलावलं. त्याच सुमारास लग्न झालं. हनिमूनला फेकायच्या हाताच्या कोपराला कसला तरी किडा चावला, बहुधा कोळी, कोपर टम्म सुजलं, चाचणी बुडाली. गरुड आहे त्या फॉरवर्डमध्ये, कोळी नाही.

मग सेंट लुईस रॅम्सनी करार केला आणि त्याला १९९८ च्या वसंतात युरोपातल्या लीगमध्ये खेळायला ॲम्स्टरडॅमला धाडला. तिथे त्यानं यार्ड आणि टचडाउन दोन्हींत सगळ्यांना मागे टाकलं. परत आल्यावर रॅम्समध्ये तिसरा क्रमांक. अख्ख्या १९९८ च्या मोसमात एकूण अकरा पास फेकले, त्यातले चार पोचले. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडचा संघ नव्यानं उभा राहत होता, त्यांना इतर संघांतले ठरावीक खेळाडू निवडायची मुभा होती; रॅम्सनी वॉर्नरला त्या यादीत ठेवलं. हवा तर न्या. क्लीव्हलंडनं नेला नाही. घरात कुणाला नको असलेलं कपाट रद्दीवाल्यानंही नाकारावं तसं.

२८ ऑगस्ट १९९९. मोसमाआधीचा सराव सामना. रॅम्सनी मोठ्या अपेक्षेनं आणलेला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन, त्याच्या गुडघ्यावर सॅन डिएगोच्या रॉडनी हॅरिसनचा धक्का बसला आणि लिगामेंट तुटलं. प्रशिक्षक डिक व्हर्मील मुळातच हळवा. पाणावलेल्या डोळ्यांनी त्यानं पत्रकारांना सांगितलं की आम्ही कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगला खेळ करू. ऐकणाऱ्यांना ते सांत्वन वाटलं असणार. आदल्या वर्षी या संघानं सोळातले चार सामने जिंकले होते.

त्या वर्षी तेरा जिंकले. वॉर्नरचे ४१ टचडाउन पास, ४३५३ यार्ड, लीगचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. वय २८. म्हणजे फॉरवर्डमधला ‘एक दिवस’ पाच वर्षांचा होता, आणि त्यात शेवटी जो फोन वाजला तो दुसऱ्याच्या गुडघ्यानं वाजवला.

३० जानेवारी २०००, सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना, अटलांटा. आम्ही आज्जींच्या घरी. मी साबुदाण्याचे वडे केले होते. त्यांनी केचपबरोबर खाल्ले, माफ केलं. टेनेसी टायटन्सनी सोळा गुणांची पिछाडी भरून काढून १६-१६ केलं, दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले. पहिल्याच डावाला वॉर्नर मागे सरकला. टायटन्सचा जेव्हॉन कर्स सुटून आला. वॉर्नरनं हात मागे नेला, कर्सचा धक्का लागला, चेंडू सुटला पण थोडा आखूड पडला, आणि हा आडवा. मैदानाच्या उजव्या कडेनं पळणाऱ्या आयझॅक ब्रूसनं ते ओळखलं, पाय रोखला, मागे येऊन झेल घेतला आणि आतल्या बाजूनं सगळ्यांना चुकवत थेट शेवटपर्यंत. ७३ यार्ड. फेकणाऱ्यानं ते पाहिलंच नाही, तो पाठीवर पडला होता. गर्दीच्या आवाजावरून त्याला कळलं. नंतर टायटन्स पुन्हा चालून आले आणि शेवटच्या क्षणी रॅम्सच्या माइक जोन्सनं केविन डायसनचे पाय धरून ठेवले. हात लांब करूनही रेषा एक यार्ड दूर. कबड्डीत मध्यरेषेवर हात पोचता पोचता पाय ओढला जातो ना, अगदी तस्सं. २३-१६. वॉर्नरचे ४१४ यार्ड, तेव्हाचा विक्रम.

त्याच्या नावाचं सीरियलही निघालं, ‘क्रंच टाइम’. नवऱ्याचा एक सहकारी सेंट लुईसहून आज्जींसाठी डबा घेऊन आला. शेल्फवर डबे लावणाऱ्याचा फोटो डब्यावर. आज्जींनी तो फोडलाच नाही, फ्रिजवर ठेवला.

बहुतेक लोक इथेच गोष्ट संपवतात. सिनेमावाल्यांनाही हाच भाग लागतो. मला त्यापुढची दहा वर्षं जास्त जवळची आहेत.

२००१ मध्ये तो पुन्हा एमव्हीपी झाला, संघानं चौदा सामने जिंकले, आणि ३ फेब्रुवारी २००२ च्या सुपर बोलमध्ये टॉम ब्रेडी नावाच्या नवख्या पोराच्या न्यू इंग्लंडनं शेवटच्या किकवर २०-१७ असं हरवलं. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी फोन वाजला. नवरा बेंचवर. आयटीतल्या माणसाला आणि फुटबॉलवाल्याला हा एक शब्द सारखाच झोंबतो. प्रोजेक्ट संपला, दुसरा मिळेपर्यंत घरी थांबा, पगाराचं बघू. असं बिनपगारी बसवता येत नाही असा कायदा आहे हे आम्हाला ठाऊक होतं, आणि कायद्याचं नाव काढलं की व्हिसाचं काय होईल हेही ठाऊक होतं. मुलगा नऊ महिन्यांचा. अकरा आठवडे आम्ही हाय-व्हीत डायपरच्या किमती पाठ करत फिरलो. शेवटी नवऱ्याला दुसरी कंपनी मिळाली, पण ग्रीन कार्डाची रांग पहिल्यापासून.

आणि तिकडे वॉर्नर घसरत होता. २००२ मध्ये तो उतरला ते सहाच्या सहा सामने हरला. तीन टचडाउन, अकरा इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), फेकायच्या हाताचं बोट मोडलं. २००३ च्या पहिल्याच सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध सहा वेळा त्याच्या हातून चेंडू निसटला आणि डोक्याला मार बसला. रॅम्सनी जागा मार्क बल्जरला दिली, २००४ मध्ये याला सोडून दिलं. त्याच जायंट्सनी घेतलं ते ड्राफ्टमधला पहिला क्रमांक असलेला ईलाय मॅनिंग तयार होईपर्यंत. नऊ सामन्यांत पाच जिंकलेले असताना वॉर्नरला बसवलं आणि मॅनिंगला उतरवलं. मग ॲरिझोना. तिथे २००६ मध्ये मॅट लायनर्टला आणलं, चार सामन्यांनंतर वॉर्नर पुन्हा बाहेर. दोनदा एमव्हीपी झालेल्या माणसानं, पस्तिशीत, कानाला हेडफोन लावून, हातात पाटी घेऊन कडेला उभं राहायचं आणि आपल्या जागी आलेल्या पोराला समोरच्यांची चाल समजावून सांगायची.

डबे लावताना त्याच्याकडे गमवायला काही नव्हतं. हे दुसरं उभं राहणं मला कितीतरी अवघड वाटतं. आज्जी तर म्हणायच्या, आता बास कर रे बाबा, घरी ये. (त्या आयोवाच्या भाषेत म्हणायच्या, पण मला मराठीतच ऐकू यायचं.)

२००७ च्या जुलैत अमेरिकन सरकारनं ग्रीन कार्डाच्या अर्जांचं दार अचानक काही आठवडे सताड उघडलं, हजारो भारतीय घरांत कागदांची पळापळ झाली, आमच्याही. पानगळीच्या दिवसांत मला काम करायचं कार्ड मिळालं. छत्तीस वर्षांची होते. वॉर्नरही १९७१ चाच. त्याच ऑक्टोबरात लायनर्टचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वॉर्नर आत गेला. मी इंटरव्ह्यूला गेले. टेबलापलीकडच्या तिशीतल्या मुलानं बायोडेटा उलटसुलट करून विचारलं, १९९९ पासून तुम्ही काय केलंत? ‘वाट पाहिली,’ असं तोंडातून निघून गेलं. नोकरी अर्थातच मिळाली नाही. चौथ्या ठिकाणी मिळाली, संध्याकाळचे गणिताचे वर्ग, तासावर पैसे. पहिल्या दिवशी खडू हातात घेतल्यावर बोटं थरथरत होती. वॉर्नर तोवर दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज घालून खेळायला लागला होता, बोटांची पकड पूर्वीची राहिली नव्हती. मला ते फार बरं वाटलं. उगाच.

२००८ च्या जूनमध्ये सीडर नदीनं ३१ फूट ओलांडले, गावाचं मध्य पाण्याखाली गेलं. आमचं घर उंचावर होतं, शहरातले निम्मे विद्यार्थी मात्र चिखल उपसून वर्गाला यायचे. त्याच मोसमात ॲरिझोनानं लायनर्टऐवजी वॉर्नरला मुख्य क्वार्टरबॅक केलं. ३७ वर्षांचा, ४५८३ यार्ड, तीस टचडाउन. सोळातले जेमतेम नऊ सामने जिंकलेला हा संघ सुपर बोलला पोचला, इतिहासात पहिल्यांदाच.

१ फेब्रुवारी २००९, टँपा, पिट्सबर्ग स्टीलर्स. पहिला अर्धा भाग संपायला काही सेकंद, ॲरिझोना गोलरेषेच्या तोंडाशी. वॉर्नरनं आतल्या बाजूला फेकला. स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन अंगावर धावून येण्याचं नाटक करून मागे सरकला होता, वॉर्नरला तो दिसलाच नाही. झेल, आणि तिथून शंभर यार्ड, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धापा टाकत. आज्जींनी टीव्हीवर उशी फेकली. शेवटी अडीच मिनिटं असताना लॅरी फिट्झजेराल्डनं ६४ यार्ड पळून २३-२० केलं. ३५ सेकंद उरले असताना स्टीलर्सच्या सँटोनिओ होम्सनं कोपऱ्यात चवड्यांवर उभं राहून झेल घेतला आणि २७-२३. वॉर्नरचे ३७७ यार्ड. तोवरच्या सुपर बोलमध्ये एका सामन्यात सर्वाधिक यार्ड फेकल्याच्या यादीत पहिले तिन्ही आकडे त्याचे होते, आणि त्यातले दोन सामने तो हरला होता. गणितवाली म्हणून मला या वाक्यापाशी दरवेळी थांबावं लागतं.

अजून एक वर्ष खेळला. १० जानेवारी २०१० ला ग्रीन बेविरुद्ध ३३ पासपैकी २९ पोचले, पाच टचडाउन. म्हणजे चुकलेल्या पासपेक्षा टचडाउन जास्त. त्याच संघाविरुद्ध, जिथे सोळा वर्षांपूर्वी ‘नको’ म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचा पास अडवला गेला, तो अडवणाऱ्याच्या मागे धावला आणि बाजूनं बॉबी मॅक्रेनं छातीवर असा आदळवला की काही वेळ तो उठला नाही. २९ जानेवारीला निवृत्ती. २०१७ मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आधीच होता.

आज्जी २०११ मध्ये गेल्या. ‘क्रंच टाइम’चा डबा त्यांच्या मुलीनं मला दिला. अजून बंदच आहे, हलवला तर आत पीठ झाल्याचा आवाज येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मुलाला सीडर फॉल्सला सोडायला गेलो, त्याच विद्यापीठात. खोली लावता लावता रात्र झाली, दही आणि केळी घ्यायची म्हणून हाय-व्हीत शिरलो. सीरियलच्या रांगेत एक पोरगा गुडघ्यांवर बसून डब्यांची तोंडं पुढे करत होता. मुलानं माझा चेहरा ओळखला. ‘आई, प्लीज. त्याला काही विचारू नकोस.’

विचारलंच. कर्ट वॉर्नर ठाऊक आहे का?

पोरानं एका कानातलं काढलं, जरा आठवलं. ‘टीव्हीवर सूट घालून बोलतो तो ना?’ म्हणाला. ‘दही मागच्या भिंतीला आहे, दुधाच्या पुढे.’